ढेरपोटीचा डूख

मी एक जुन्या घाटाची लाकडी नौका आहे, पण पाण्याचा थेंब माझ्या अंगाला कधी लागलेला नाही. काही शतकांपूर्वी समुद्रावर फिरणाऱ्या एका डच मालवाहू जहाजाची मी प्रतिकृती. लांबी सत्तर सेंटिमीटर, डोलकाठ्या तीन, आणि मुक्काम एका संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत. मित्रांनो, तुम्ही शाळेच्या रांगेतून माझ्यासमोर येता तेव्हा तुमचे लक्ष ना शिडांकडे जाते, ना दोरांकडे. तुम्ही थेट माझ्या उजव्या कुशीकडे बोट दाखवता आणि विचारता, "हिला कुणी फोडलं?"

विचारणे साहजिक आहे. माझ्या उजव्या कुशीत तळहाताएवढे भगदाड आहे. तुमच्या बाई सांगतात, "आतली रचना दिसावी म्हणून कापलंय." ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे आज मी सांगते. ही गोड गोष्ट नाही. एका माणसावर माझा दात आहे, आणि तो अजून पडलेला नाही.

माझा जन्म दोन खोल्यांच्या एका घरात, स्वयंपाकघरामागच्या बंद गॅलरीत झाला. तिथे खिडकीला लागून एक टेबल होते, त्यावर मान वळणारा दिवा होता, आणि पत्र्याच्या एका डब्यात दात होते. खरे नव्हेत, नकली. मला घडवणारी बाई एकतीस वर्षे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या तयार करत होती. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून शेजारपाजारचेही तिला ताईच म्हणत. मीही तेच म्हणेन.

आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि भाऊ सहा. वडील नोकरीसाठी सदा बाहेरगावी. ताईने शिक्षण सोडले आणि लॅबमध्ये कामाला लागली. भावाचा डबा, भावाचा अभ्यास, भावाचा ताप, सगळे तिने पाहिले. भाऊ हुशार होता, हे मी नाकारत नाही. तो शिकत गेला आणि इतिहासाचा प्राध्यापक झाला. ताईचे लग्न एका शिंप्याशी झाले. शिंपीकाका फार बोलत नसत. बोलले तर टाका घातल्यासारखे, एकदाच आणि पक्के.

कवळ्या पोचवायला ताई एका दवाखान्यात जायची. तिथे बाकावर बसून डॉक्टरांची वाट पाहावी लागे. समोरच्या भिंतीवर एका डच जहाजाचे छापील चित्र टांगलेले होते. जहाज वर अरुंद, खाली चांगलेच फुगलेले, मागून पाहिले तर नासपतीसारखे. ताईने ते चित्र किती वर्षे पाहिले असेल कोण जाणे. एके दिवशी तिने डॉक्टरांना विचारले, "हिचं पाण्याखालचं अंग कसं असेल हो?"

डॉक्टर हसले. "चित्रकारानंच काढलं नाही, तर आपल्याला कसं कळणार?"

"असं कसं? गालाआडचा जबडा दिसत नाही म्हणून काय तो नसतो?"

ताई निवृत्त झाली तेव्हा डॉक्टरांनी ते चित्र भिंतीवरून काढून तिच्या हातात ठेवले. म्हणाले, "घ्या, शोधा जबडा." त्या दिवसापासून माझी तयारी सुरू झाली.

मित्रांनो, जहाज बांधायचे म्हणजे नकाशा हवा. पण त्या काळचे ते कारागीर नकाशा काढतच नसत. मालक आणि कारागीर यांच्यात एक करारनामा व्हायचा: लांबी इतके फूट, रुंदी इतके फूट, खोली इतकी. बाकीचे सगळे कारागिराच्या डोक्यात आणि हातात. असा एक करारनामा दूरच्या एका दप्तरखान्यात आहे, असे ताईला वाचनालयातल्या एका जाड ग्रंथात सापडले. त्याची प्रत मागवायला विद्यापीठाचे पत्र लागत होते. ताईने पत्र स्वतः लिहिले आणि भावाने त्यावर सही केली. माझ्या जन्मात त्याचा वाटा एवढाच. एक सही.

प्रत आली. चार पाने, जुनी डच भाषा, गिचमीड अक्षर. ताई शब्दकोश घेऊन बसली. चार पाने उलगडायला तिला दीड वर्ष लागले. मग तिने नासपतीचे लाकूड मिळवले आणि एक सांगाडा उभा केला. तो मी नव्हते. ती माझी थोरली बहीण. करारात लांबी एकशे वीस फूट होती, त्या हिशेबाने ताईने तिला शहात्तर सेंटिमीटर केली. दोन वर्षे खपून तिच्या बाजू फळ्यांनी झाकत आणल्या. आणि मग एका दुपारी, जुन्या मापांचा एक तक्ता वाचता वाचता, ताई ताठ उठून बसली.

"अहो, घोळ झाला," ती म्हणाली. "त्यांचा फूट बारा इंचांचा नव्हता. अकरा इंचांचा होता. आपल्या फुटापेक्षा आखूड."

शिंपीकाका बाही जोडत होते. त्यांनी मशीन थांबवले. "मग?"

"मग ही लांब झालीय. बोटभर तरी."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या बहिणीचे करवतीने तुकडे केले. त्याच लाकडातून पुढे माझ्या फासळ्या निघाल्या. हे भावाला कधीच कळले नाही. त्या वर्षांत तो ताईकडे येत होताच कुठे?

मी त्यानंतरची. माझ्या वेळी ताईने आणखी एक कोडे सोडवले. समुद्रातून वर काढलेल्या अशाच एका जहाजाच्या फळ्यांचे फोटो तिने पाहिले होते. त्या फळ्यांत ओळीने बारीक लाकडी खुंट्या होत्या, ज्यांनी काहीच धरलेले नव्हते. नुसत्याच ठोकलेल्या. कशासाठी? ताई तीन महिने त्या खुंट्यांनी झपाटली होती. मग तिच्या लक्षात आले की ते कारागीर उलट्या क्रमाने काम करत. आधी तळाच्या फळ्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि वरून पट्ट्या ठोकून तात्पुरत्या धरून ठेवायच्या. मग आत फासळ्या बसवायच्या. फासळ्यांनी फळ्या धरल्या की पट्ट्या काढून टाकायच्या, आणि खिळ्यांची भोके राहतात ती खुंट्यांनी बुजवायची. आधी कातडी, मग हाडे.

आज प्रतिकृती करणारे बहुतेक सगळे आधी फासळ्या उभ्या करतात. ते सोपे असते. ताईनेही तसे केले असते तर बाहेरून काडीचाही फरक दिसला नसता. पण तिने मला जुन्या रीतीनेच बांधले. दात कोरायच्या बारीक यंत्राने भोके पाडली. बांबूच्या काड्या तासून केसाएवढ्या खुंट्या केल्या, आणि चिमट्याने एकेक बसवली. अशा चारशेवर. सगळ्या झाल्यावर आतून फळ्यांचे अस्तर लावले, बाहेरून पांढरा लेप दिला. खुंट्या कायमच्या झाकल्या गेल्या. शिंपीकाकांनी विचारले, "एवढं करून झाकून टाकायचं?"

"कवळीही तोंडातच असते," ताई म्हणाली. "पण नीट बसली नाही तर माणसाला जेवता येत नाही."

शिडे शिंपीकाकांनी शिवली. भिंगातून बघत, मांजरपाटाच्या सर्वांत तलम तुकड्यावर, हाताने. माझे नावही त्यांनीच ठेवले. फुगलेले पोट बघून म्हणाले, "काय ढेरपोटी आहे!" तेव्हापासून मी ढेरपोटी. मला पुरे व्हायला नऊ वर्षे लागली. त्या गॅलरीत मी जितकी सुखात होते तितकी नंतर कुठेच नव्हते.

आता त्या माणसाकडे येते.

प्राध्यापक एका सुट्टीच्या दिवशी जेवायला आले. याआधी ते मला "ताईची होडी" म्हणत आणि माझ्याकडे पाठ करून बसत. त्या दिवशी मात्र ते माझ्यासमोर वाकून उभे राहिले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, हे तर मोठं काम आहे गं! तुझ्या नोंदी कुठायत?"

ताईचा चेहरा उजळला. मित्रांनो, ज्याला आपण वाढवले त्याने शाबासकी द्यावी, याची तिने किती वर्षे वाट पाहिली असेल! तिने कपाटातून सात वह्या काढल्या. प्राध्यापक म्हणाले, "मी टाइप करून घेतो. संग्रहालयात माझी ओळख आहे. हिला तिथे ठेवू. लोक बघतील तरी."

वह्या गेल्या. आठवड्याने मीही गेले. देणगीच्या कागदावर दात्याचे नाव प्राध्यापकांचे होते. ताईने विचारले नाही. ती शेजारणीला म्हणाली, "भावानं नेली म्हणजे घरातच राहिली."

पेटीच्या उद्घाटनाला हॉल भरला होता. ताई आणि शिंपीकाका ठेवणीतले कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. पडदा बाजूला झाला. पेटीखाली पितळी पाटी होती. तिच्यावर लिहिले होते, "संशोधन व निर्मिती", आणि पुढे प्राध्यापकांचे नाव. त्याखाली बारीक अक्षरात: "घरच्या मंडळींचे सहकार्य".

प्राध्यापक बोलायला उभे राहिले. "आधी मी फासळ्या उभ्या केल्या," त्यांनी सांगितले, "आणि मग एकेक फळी त्यांच्यावर चढवत गेलो." टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत. मी आतल्या आत तडतडले. नंतर फोटोसाठी त्यांनी मला उचलले, तेव्हा माझ्या पुढच्या दांड्याचे टोक त्यांच्या तळहातात घुसले आणि रक्त आले. लोक म्हणाले, चुकून लागले. म्हणोत बापडे.

हॉल रिकामा झाल्यावर ताई भावाजवळ आली. मी ऐकत होते.

"माझं नाव राहिलं का रे?"

"राहिलं कुठे? घरची मंडळी लिहिलंय ना. अगं, असल्या ठिकाणी पदवी लागते. कवळ्या करणारी बाई म्हटलं तर कोण बघायला येणार? आणि तुझं-माझं असं आहे का आपल्यात?"

"नाही," ताई म्हणाली. "आपल्यात तसं कधी नव्हतं."

शिंपीकाका दाराशी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "घरच्या मंडळींना घरी जाऊ द्या आता." दोघे निघून गेले.

त्यानंतरची तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत कौतुकाची आणि सर्वांत वाईट वर्षे. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. प्राध्यापकांचे पुस्तक आले, ते विभागप्रमुख झाले. पाहुणे आले की ते त्यांना माझ्यासमोर आणत आणि फासळ्यांची तीच कहाणी ऐकवत. मी काचेमागून ऐकायची आणि डूख धरून बसायची. त्या तीन वर्षांत मला ना कुणी झटकले, ना कुणी दोर ताणले. ज्यांचे नाव पाटीवर होते त्यांना माझा मागचा दोर कुठे बांधलेला आहे, हेही ठाऊक नव्हते. तो सैल होऊन लोंबू लागला तेव्हा त्यांनी शिपायाला सांगितले, "ते लटकतंय ते कापून टाक." शिपाई शहाणा होता. त्याने कापला नाही.

ताई महिन्यातून एकदा येऊन समोरच्या बाकावर बसायची. एकदा तिने पिशवीतून एक पुस्तक काढले. भावाचेच. कुठल्या तरी पानावर तिचे बोट थबकले, आणि तिने पुस्तक मिटले. काच श्वासाने ओली झाली इतक्या जवळ येऊन ती मला म्हणाली, "ढेरपोटे, नाव घेतलंन ते घेतलंन, पण तुला चुकीचं बांधलंन. हे नाही मी सोडणार."

तिने संग्रहालयाच्या संचालिका बाईंना पत्र लिहिले. संचालिका बाईंनी प्राध्यापकांना बोलावले आणि त्यांना माझ्यासमोरच ते पत्र दाखवले. प्राध्यापकांनी ते वाचले. मान हलवली. मग अगदी हळवा आवाज काढून म्हणाले, "ताईचं वय झालंय हो. हल्ली तिच्या लक्षात राहत नाही. मी काम करायचो तेव्हा ती चहा आणून द्यायची, शेजारी बसायची. आता तिला वाटतं, सगळं तिनंच केलं. डॉक्टरांना दाखवायचा विचार चाललाय."

"त्या सात वह्यांचं म्हणतायत..."

"कुठल्या वह्या? बघा, हे असं होतं."

मित्रांनो, चोरी मी कदाचित विसरले असते. एखाद्याचे काम घेतले, नाव घेतले, इथपर्यंत जगात चालते. पण जिने त्याला लहानाचा मोठा केला तिचे डोकेच फिरले आहे, असे त्याने दोन वाक्यांत करून टाकले, आणि तेही डोळे ओले करून! त्या क्षणी मी ठरवले की मला माझ्या शिडांसकट जाळले तरी चालेल, पण हा माणूस खोटा पडला पाहिजे.

संधी आली ती बाहेरून. बुडालेली जहाजे समुद्रात उतरून तपासणाऱ्या एका संशोधक बाईंनी प्राध्यापकांचे पुस्तक वाचले होते. सगळे त्यांना डायव्हर बाई म्हणत. केस आखूड, बोलणे त्याहून आखूड. त्यांनी संग्रहालयाला कळवले की मापे अगदी अचूक आहेत, पण बांधणीचा क्रम साफ चुकलेला आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून होणे अवघड आहे. संचालिका बाईंना ताईचे पत्र आठवले. प्राध्यापक ताईच्या डोक्याविषयी काय बोलले ते त्यांनी शिंपीकाकांच्या कानावर घातले, आणि एका सकाळी सगळ्यांना बोलावले.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होते. मला पेटीतून काढून मधोमध ठेवले होते. एका बाजूला प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला ताई आणि शिंपीकाका, टोकाला संचालिका बाई आणि डायव्हर बाई.

"हिला कशी बांधली, तेवढं सांगा," डायव्हर बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही, सर."

प्राध्यापकांनी फासळ्यांची कहाणी सांगितली. पाठ झालेली होती, छान सांगितली.

"आता तुम्ही."

ताई उठली नाही. बसूनच बोलली. "आधी तळाच्या फळ्या. फासळ्या नंतर. मधल्या काळात पट्ट्या ठोकल्या होत्या, त्यांची भोकं खुंट्यांनी बुजवलीयत. उजव्या कुशीत, कण्यापासून तिसऱ्या फळीत, मधल्या टप्प्यात एकोणीस खुंट्या आहेत. अठरा बांबूच्या. एकोणिसावी गुलाबी आहे."

"गुलाबी?"

"त्या दिवशी बांबू संपला. कवळीच्या हिरडीचा मसाला होता घरात. त्याचीच केली."

शिंपीकाका खाली बघून हसले. डायव्हर बाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुढे वाकल्या आणि माझ्या पांढऱ्या लेपावर बोट टेकवून म्हणाल्या, "इथे?"

"तिथेच. पण खुंट्या फळीच्या आतल्या अंगाला आहेत आणि त्यांच्यावर अस्तर आहे. कापल्याशिवाय दिसणार नाही."

संचालिका बाई अस्वस्थ झाल्या. "कापायचं म्हणजे... दान सरांच्या नावावर आहे. त्यांची लेखी संमती लागेल."

प्राध्यापकांनी ताईकडे पाहिले. मी त्या नजरेकडे पाहत होते. तो तिला ओळखत होता. लहानपणी तिने त्याचे मोडके खेळणेसुद्धा कधी टाकले नव्हते, जोडून जोडून ठेवले होते. नऊ वर्षांचे काम ही बाई कापेल, हे त्याला शक्यच वाटले नाही. तो मोठ्या मनाच्या माणसासारखा हसला.

"माझी काय हरकत असणार? देतो लिहून. एकच अट. कापायचं ते ताईनंच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." मग ताईकडे वळून, लाडात: "काप हं ताई. होईल ना तुझ्यानं?"

त्याने सही केली. माझ्या बाबतीतली ही त्याची दुसरी सही.

ताईने पिशवी उघडली. आत लॅबमधली बारीक पात्याची करवत होती. ती घरूनच घेऊन आली होती. तिने मला डाव्या कुशीवर अलगद आडवे केले आणि खाली घडी केलेला रुमाल सारला. तिचा अंगठा माझ्या पोटावरून एकदा फिरला.

"ताई," प्राध्यापक म्हणाले. आवाज बदललेला होता.

"सही झालीय ना?" ताई म्हणाली आणि करवत चालवली.

दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण मी मनात म्हणत होते, आणखी खोल, आणखी. नासपतीच्या भुशाचा गोडसर वास खोलीभर पसरला. ताईचा हात एकदाही हलला नाही. चार बाजू कापून झाल्यावर तिने चिमट्याने तुकडा बाहेर काढला, त्याच्या आतले अस्तर सोडवले, फळ्यांचा तुकडा उताणा ठेवला, आणि खुर्ची मागे सरकवली. "मोजा," ती म्हणाली.

डायव्हर बाईंनी भिंग लावले आणि मोठ्याने मोजायला लागल्या. "पंधरा. सोळा. सतरा. अठरा." त्या थांबल्या. मग त्यांनी तो तुकडा उचलून संचालिका बाईंसमोर धरला. एकोणिसावी खुंटी गुलाबी होती. हिरडीसारखी, ओठाआडून दिसावी तशी.

प्राध्यापक कसेबसे हसले. "अगं ताई, मी... इतक्या वर्षांत माझ्याच लक्षातून गेलं बघ..."

"तुझ्या लक्षात राहत नाही वाटतं," शिंपीकाका म्हणाले. "डॉक्टरांना दाखवून घे."

मित्रांनो, मी लाकडाची आहे, तरी त्या वेळी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मी त्याच्याकडे माझ्या फाटक्या पोटाने बघत होते. त्याची मान खाली गेली, आणि मला वाटले, अजून खाली जाऊ दे.

पुढे जे व्हायचे ते झाले. पितळी पाटी निघाली आणि नवी बसली. तिच्यावर दोन नावे आहेत, ताईचे आणि शिंपीकाकांचे, सारख्याच अक्षरात. विद्यापीठाने चौकशी नेमली, पण ती बसण्याआधीच प्राध्यापकांनी राजीनामा दिला. पुस्तक दुकानांतून परत मागवले गेले. महिन्याभराने ताईच्या घरी एक खोके आले. त्यात त्या सात वह्या होत्या. चिठ्ठी नव्हती. ताईने एकेक वही उघडून पाहिली. सातही वह्यांचे पहिले पान फाडलेले होते. पहिल्या पानावर ती स्वतःचे नाव लिहायची. हे शिंपीकाकांनी मला सांगितले, माझा मागचा दोर ताणताना.

संचालिका बाई म्हणाल्या होत्या, "ताई, तुकडा परत बसवू या. सांधा दिसणारही नाही." ताई म्हणाली, "उघडीच राहू दे. ज्याला बघायचंय त्यानं आत बघावं." म्हणून मी अशी आहे. आता ताई दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येते, पेटी उघडते, आणि मऊ ब्रशने माझी धूळ काढते.

अशाच एका मंगळवारी, चार वर्षांनी, तो आला. केस पिकलेले, खांदे उतरलेले, हातात छत्री. हॉलमध्ये दुसरे कुणी नव्हते. ताई पेटीत वाकून माझ्या डोलकाठीवर ब्रश फिरवत होती. तो मागे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ताई."

ताईने वळून पाहिले. ओळखले. तिच्या डोळ्यांत ते मला दिसले.

"साहेब," ती म्हणाली, "पेटी उघडी आहे. जरा लांब उभे राहता का?"

"ताई, मी आहे. अगं, मी..."

"तुम्हाला माहिती हवी असेल तर पाटीवर लिहिलेली आहे. वाचून घ्या."

मित्रांनो, ज्याला तिने सहा वर्षांचा असल्यापासून "अरे" म्हटले, "गाढवा" म्हटले, "बाळा" म्हटले, त्याला ती "तुम्ही" म्हणाली. तो पाटीकडे वळला. दोन नावे वाचायला कितीसा वेळ लागतो? तो मात्र तिथे खूप वेळ उभा होता. शेवटी त्याने छत्री काखेत मारली आणि जिना उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला, आणि माझ्या भगदाडात वारा शिरावा तशी मी आनंदाने भरून गेले.

मग मी ताईकडे पाहिले. ती शिपायाच्या स्टुलावर बसली होती. ब्रश मांडीवर पडला होता. संग्रहालय बंद व्हायची घंटा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. त्या दिवशी माझी डावी बाजू झटकायची राहून गेली.

माझा राग गेला का? नाही. ताईचा गेला का, ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. तुमच्याकडे मी एवढेच मागते. कुणाच्या हातचे काम तुमच्या हाती आले, तर त्याचे नाव त्याच दिवशी, चारचौघांत, मोठ्याने घ्या. ते तुम्ही दिले नाहीत, तर एक दिवस कुणाला तरी करवत हाती धरून ते तुमच्याकडून काढून घ्यावे लागते. आणि ती करवत धरणारा हात बहुतेक वेळा आपल्याच माणसाचा असतो.